फक्कीने आखलेला जिना

तुमच्या घराचा नकाशा ठरला, त्या दिवशी तुमची आई कुठे होती? चहा ठेवायला आत गेली होती, की त्या कागदावर तिनेही कुठेतरी बोट टेकवलं होतं? आठवून पाहा. मला आठवावं लागत नाही. आमच्या घराचा नकाशा ठरला तेव्हा माझी आई त्या नकाशावरच उभी होती, अनवाणी. तिने प्रश्नही विचारला होता. सगळे हसले, आणि मग घर बांधलं गेलं.

आमचं घर सुरतेत, गोडादऱ्यात. तेव्हा ते एकामागे एक अशा दोन खोल्यांचं होतं. वर सिमेंटचे पत्रे, पुढे गटारापर्यंत आलेला ओटला. बाबा तरुणपणी बुलडाण्याकडून इथे आले ते सांचे चालवायला. सांचा म्हणजे कापड विणायचा लूम, आणि सांचे ओळीने बसवलेले असतात ती शेड म्हणजे खातं. खात्यात इतका आवाज असतो की शेजारच्या माणसाशी बोलायला तोंड उघडून उपयोग नसतो. म्हणून कारागीर हातांनी बोलतात. धागा तुटला, पाणी आण, सांचा बंद कर, शेठ आला, सगळ्याला खूण आहे. शेठ आला हे सांगायला पोटावरून गोल हात फिरवतात.

बाबांचे कान कधी गेले ते आम्हाला नेमकं सांगता येणार नाही. आधी ते टीव्ही मोठा लावायचे, मग लावायचंच सोडून दिलं. तोवर आईने खात्यातल्या सगळ्या खुणा शिकून घेतल्या होत्या. आमच्या घरात भांडणंही हातांनी व्हायची आणि बहुतेक वेळा आई जिंकायची, कारण तिचे हात बाबांपेक्षा वेगाने चालत.

ते वेगाने चालत याचं कारण तिचं काम. एम्ब्रॉयडरी झालेल्या साडीच्या मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत राहतात, ते कापायचे. साड्यांचे गठ्ठे घरी येत. आई आणि गल्लीतल्या काही जणी सकाळची कामं उरकली की आमच्या ओटल्यावर बसून ते धागे कापत. आईने शाळा पाहिली नव्हती. बाबा मात्र कागदात बुडालेले. विहारात, खात्यांच्या दारात, चहाच्या लारीवर ते पत्रकं वाटायचे. कामाचे तास, अपघाताची भरपाई, हुंडा, अंगात येणं, बुवाबाजी. पातळ गुलाबी नाहीतर पिवळा कागद. उरलेले गठ्ठे घरी यायचे आणि मी वाचायला शिकले ती त्या गठ्ठ्यांवर. शाळेतून आले की ओटल्यावर उभी राहून मी मोठ्याने वाचायचे, बायका कात्री चालवत ऐकायच्या. मी 'कामगार बंधूंनो' म्हटलं की आई मान वर न करता विचारायची, "अन् बहिणी कुठं गेल्या?"

पुढच्या ओळीत त्या नसायच्या.

"मागच्या पानावर असतीन. पाह्य."

मी खरोखर मागचं पान उलटून बघायचे. तिथे छापखान्याचा पत्ता असायचा. बायका हसायच्या, आणि आई म्हणायची, "वाच, वाच. आपल्याबिगर का होईना, चांगलं लिहिते."

ज्या हिवाळ्याबद्दल मी लिहितेय, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात पत्रे इतके गळले की आम्ही पातेल्यांच्या मधल्या जागेत झोपत होतो. त्यात दादाचं, माझ्या मोठ्या भावाचं, लग्न ठरलं. नवी सून राहणार कुठे, याचं उत्तर एकच होतं. वर. दिवाळीच्या सुट्टीत बंद पडलेली खाती पुन्हा सुरू झाली, गावी गेलेले लोक परतले, थंडी लागली आणि बाबांनी घर वाढवायचं जाहीर केलं. पण ठेकेदार म्हणाला की कमुरता लागतोय, उतराणपर्यंत कुदळ मारणार नाही. संक्रांतीआधीच्या या महिन्यात गुजरातेत कुणी शुभकाम काढत नाही. बाबांनी त्याच्या हातात एक पिवळं पत्रक ठेवलं. त्याने ते आदराने घडी करून खिशात घातलं.

"काका, हुं तो नथी मानतो," तो म्हणाला. "पण मारा कारीगरो माने छे."

तो मानत नाही, त्याचे कारागीर मानतात, हे मी खुणांनी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, सगळ्या जगात असंच चालतं. पण शुभ-अशुभाला आयुष्यभर शिव्या घातलेल्या त्या माणसाला असा आयता एक महिना मिळाला होता, आणि मनातून ते खूश होते. सकाळी धुकं आणि गिरण्यांचा धूर एकत्र खाली उतरलेला असायचा. माकडटोपी घालून बाबा ओटल्यावर बसत. दादा कधी पोंक घेऊन यायचा, हुरड्यासारखी भाजलेली कोवळी ज्वारी, वर लिंबू आणि शेव. मग सगळे जण ते चघळत हवेत भिंती उभ्या करायचे. इथे कपाट, इथे पंखा. कामरेजच्या बाजूला विटा बऱ्या मिळतात की आणखी कुठे, यावर गल्लीतल्या प्रत्येकाचं मत होतं. आयुष्यात इतकं आनंदी मी बाबांना क्वचित पाहिलं होतं.

आणि मग शेठ आला.

दादा एका खात्यात मास्टर आहे, म्हणजे सांचे बिघडले की दुरुस्त करतो आणि कारागिरांवर लक्ष ठेवतो. त्या खात्याचा मालक. वाईट माणूस नव्हता, हे मला मुद्दाम लिहायचंय, कारण वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. तो ओटल्यावर बसला, त्याने पोंक खाल्ला, आणि प्रस्ताव ठेवला. स्लॅब तो घालून देईल, बाहेरचा जिनाही. वर दोन मोठ्या खोल्या होतील, त्यात आम्ही राहायचं. खाली त्याचे सांचे बसतील, बरीच वर्षं. घर कागदोपत्री आमचंच.

"माजी, उपर हवा अच्छी आवेगी," तो आईला म्हणाला. "नीचे क्या है? गटर, मच्छर."

"हवा खाली बी येते शेठ," आई म्हणाली. "दार उघडं असलं तं."

तो गेल्यावर मी बाबांसमोर उभी राहिले आणि हात व तोंड दोन्ही वापरून बोलले. ज्या सांच्यांनी तुमचे कान खाल्ले ते तुम्ही आपल्या घरात आणणार? राहत्या गल्लीत सांचे नकोत म्हणून तुम्हीच पत्रक काढलं होतं, ते मला अजून पाठ आहे. मी ते म्हणून दाखवलं. बाबांनी माझे ओठ शेवटपर्यंत वाचले. मग बहिरी माणसं बोलतात तसं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "पत्रकानं छप्पर शिवता येत नाही, बाई."

  पण प्रश्न छपराचा आहे असं त्या घरात फक्त पुरुषांना वाटत होतं.

बाबांना कागदावरचा नकाशा पटेना. खात्यात नवे सांचे आणायच्या आधी जमिनीवर चुन्याच्या फक्कीने जागा आखून घेतात. सांचा इथे, कारागिराला उभं राहायची गल्ली इथे, दार इथे. मग त्यात चालून बघतात, कोपर कुठे लागतं का. बाबांनी आयुष्यभर हेच पाहिलेलं. म्हणून एका रविवारी वंदना झाल्यावर त्यांनी आणि दादाने विहारासमोरच्या पटांगणात आमचं वरचं घर फक्कीने आखलं, होणार होतं तेवढं, पूर्ण मापाचं. कबड्डीच्या मैदानासारखं. वंदनेला आलेले लोक घरी जायचे थांबले आणि आमच्या घरात शिरले.

तेवढं हसू त्या पटांगणात मी पुन्हा ऐकलं नाही. आईची ओटल्यावरची जोडीदार, शेजारची खानदेशातली मावशी, आमच्याबरोबर वंदनेला येत नसे, पण तमाशा बघायला आली. एका चौकोनात पाय ठेवून म्हणाली, "मन्हा पाय तुन्हा सैपाकघरमा पडना का व?"

"पडला तं पडला," आई म्हणाली. "आता पोया लाट."

आई एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सरळ रेघ ओलांडून गेली. दादा ओरडला, "माय, भिंतीतून चालली तू."

"अशीच भिंत बांध बाप्पा. लई चांगली आहे."

बाबांनी तिला स्वयंपाकघराच्या चौकोनात उभं केलं, कोपर वाकवायला लावलं, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत दोरीने माप घेतलं. कट्ट्याची उंची तिच्या कोपरावरून ठरणार होती, म्हणजे पोळ्या लाटताना तिला वाकावं लागू नये. आयुष्यभर ती जमिनीवर बसून स्वयंपाक करत आली होती आणि तिचे गुडघे त्यात संपले होते. बाबांनी दोरीला गाठ मारली. सगळ्या बायका बघत होत्या आणि आई लाजली होती. त्या माणसाचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं माझ्या लिहिण्यावरून कुणी समजू नये.

मग ती जिन्यापाशी आली. जमिनीवर जिना म्हणजे एक लांबट पट्टा आणि त्यात आडव्या रेघा. आईने लुगडं किंचित वर धरलं आणि रेघांवरून तुरुतुरु चालत गेली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या रेघेवर ती थांबली, मागे वळली, आणि खाली मातीकडे बघत म्हणाली, "हे तं लई सोपं झालं. उंची कुठं काढली?"

"उंची फक्कीनं नाही निघत माय," दादा म्हणाला.

"मंग माहे गुडघे कायनं निघतीन वर?"

सगळे हसले. मीसुद्धा त्या हसण्यात होते, ती बोलायचीच तशी. सांचा एकदा जमिनीवर बसला की बसला. तो उठून कधी वर चढत नाही, त्याला खाली येऊन भाजी घ्यायची नसते. सांचे आखणाऱ्या हातांनी घर आखलं आणि जागा तेवढी मोजली. सगळं माप बरोबर होतं. पटांगणातलं ते घर अगदी बरोबर होतं, फक्त ते जमिनीवर होतं.

काही दिवसांनी शेठने निरोप पाठवला की खालचं छत नेहमीच्या घरापेक्षा उंच लागेल. सांच्यांची उष्णता कोंडते, उजेड लागतो. छत उंच म्हणजे वरचं घर आणखी वर. जिना पुढे लांबवता येत नव्हता, कारण पुढे गटार आणि मग रस्ता. तेव्हा एकच गोष्ट वाढू शकत होती, प्रत्येक पायरीची उंची. दादाने ते ओटल्यावर विटा रचून दाखवलं. "एवढी होईल माय. एवढीच."

आई विटांसमोर उभी राहिली. उजवा पाय उचलला, विटांवर ठेवला, आणि दुसरा उचलायला गेली तर उचलेना. भिंतीला हात लावला, दादाच्या खांद्याला लावला, तेव्हा चढली. मग उतरायची वेळ आली. उतरताना तिने डोळे मिटून घेतले.

मी म्हटलं, खाली मागच्या बाजूला आईसाठी एक लहान खोली ठेवा, पलंग मावेल एवढी. शेठ नेमका आला होता. त्याला ते नवल वाटलं.

"बेन, सांचा के पीछे कोई सोता है क्या?"

"तुमचे कारागीर झोपतात," मी म्हटलं. "सगळ्या सुरतेत झोपतात."

"उनको तो आदत है," तो म्हणाला, अगदी सहज, एखाद्याला वाटाण्याची भाजी आवडते म्हणावं तसा. दादाने माझ्याकडे डोळे वटारले. त्याची नोकरी त्या माणसाकडे होती, आणि लग्न तोंडावर आलं होतं.

 आई बाबांच्या समोर गेली आणि उजवा तळवा आडवा धरून खाली दाबला. सांचा बंद कर. खात्यातली ही सगळ्यात महत्त्वाची खूण, कारण कुणाचा हात अडकला तर हीच करतात, आणि ती दिसली की कुठलाही कारागीर आधी सांचा थांबवतो, कारण मागाहून विचारतो. बाबांना ती दिसली. मी शपथेवर सांगते की दिसली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग त्यांनी मान फिरवली आणि ते विटा उचलून कडेला लावायला लागले.

ऐकू येणाऱ्या माणसाशी तुम्ही त्याच्या पाठीमागूनही भांडू शकता. ज्याला ऐकू येत नाही त्याने नजर काढून घेतली की तुमच्याकडे काहीच उरत नाही. आईचा तळवा थोडा वेळ तसाच हवेत राहिला. मग तिने तो लुगड्याला पुसला, जणू त्याला काही लागलं होतं, आणि आत गेली.

उतराण झाली. पतंगांचे मांजे अजून तारांवर लोंबत होते तेव्हा आमचे पत्रे उतरवले. उन्हाळ्याच्या तोंडाशी स्लॅब पडला, पावसाळ्याआधी आम्ही वर राहायला गेलो. आई वर चढली ती पुढच्या पायऱ्यांवर दोन्ही हात टेकत, रांगणाऱ्या मुलासारखी. वर पोचल्यावर धापा टाकत म्हणाली, "झालं. आता पाहू." गल्लीने त्याला गृहप्रवेश म्हटलं.

खाली सांचे सुरू झाले. वरची फरशी दिवसभर थरथरते. मांडणीवरची पातेली सरकत सरकत कडेला येतात, ती संध्याकाळी परत मागे ढकलावी लागतात. कट्टा मात्र आईच्या कोपराच्या मापाचा आहे, चपखल. तिथे उभी राहून ती स्वयंपाक करते आणि खिडकीतून शेजारच्या खात्याची भिंत बघते. वहिनी आली, तिला हे घर आवडलं, तिचे पाय तरुण आहेत. बाबांना या थरथरीचा त्रास नाही. फरशीवर पाय ठेवून ते सांगतात की खालचा कुठला सांचा थांबला. पुढे शेठचा एक कारागीर गावी गेला तो परतला नाही, आणि बाबा 'दोन दिवसांसाठी' खाली उतरले. ते अजून तिथेच आहेत. जिथे आमची चूल होती, तिथे उभे राहून ते दुसऱ्याचं कापड विणतात.

साड्यांचे गठ्ठे आता दोरीने वर येतात. आई एकटी धागे कापते. ओटला राहिला नाही, तिथे जिना आहे. बायका गल्लीच्या टोकाला दुसऱ्या एका ओटल्यावर बसायला लागल्या. सुरुवातीला एखादी वर यायची, पण त्यांचेही गुडघे असेच. आईला वरून त्यांची डोकी दिसतात. काय बोलतात ते सांच्यांमुळे ऐकू येत नाही. ती मला विचारायची, "आज कोणाचं चाललं होतं?" मी पत्रकं वाचणारी, ओटल्यावरच्या गप्पांतलं मला काय कळणार? मी काहीतरी सांगायचे. ती ऐकून घ्यायची.

मावशी आजारी पडली तेव्हा तिचं घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. पण हाक पोचत नव्हती. आई दोरीच्या टोपलीतून कधी पेज, कधी खिचडी खाली सोडायची आणि मी ती नेऊन द्यायचे. "रविवारी नेजो मले," ती दादाला म्हणायची. दादा हो म्हणायचा आणि रविवारी त्याला खात्यात बोलावणं यायचं. बाबा खुणेने उद्या म्हणायचे. मी एकटीने एकदा प्रयत्न केला. तिसऱ्या पायरीवर आईचं सगळं वजन माझ्यावर आलं आणि आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो, भिंतीला चिकटून, खाली वाहणाऱ्या गटाराकडे बघत. ती म्हणाली, "चाल, वर जाऊ. मावशीले म्हण, बरी होऊन तूच ये."

मावशी बरी झाली नाही.

तिला नेत होते तेव्हा तिरडी आमच्या जिन्यासमोरून जाणार होती, दुसरा रस्ता नव्हता. आई जिन्याच्या माथ्यावर येऊन कठडा धरून उभी राहिली. खाली सांचे चालूच होते. रडण्याचा आवाज त्यात बुडाला होता, माणसांची तोंडं उघडलेली तेवढी दिसत होती. आई खात्याच्या दाराकडे बघून ओरडली, सांचे बंद करा. मी तिच्या बाजूला उभी होते आणि मलाही नीट ऐकू आलं नाही. मी खाली पळाले आणि मेन स्विच ओढला.

एकदम शांतता झाली की कान दुखतात. बाबांना आवाजाने कळलं नाही, पायाखालची जमीन थांबली तेव्हा कळलं. ते दारात आले, तिरडी पाहिली आणि मागे सरून उभे राहिले. खांदेकरी जिन्यापाशी थांबले. कुणी सांगितलं नव्हतं. आईने वरून मावशीचा चेहरा पाहिला, उघडा, हळद लावलेला.  मग म्हणाली, "न्या."

संध्याकाळी शेठचा निरोप आला की विचारल्याशिवाय स्विचला हात लावू नये, ताका खराब होतो. अख्खं विणलेलं कापड म्हणजे ताका. मी काय उत्तर पाठवलं ते इथे छापण्यासारखं नाही.

त्यानंतर आईने खाली न्या म्हणणं सोडलं. तेच मला सगळ्यात भयंकर वाटलं. तिच्या प्रश्नांना कुणी उत्तरं देत नसे तरी ती विचारत होती. आता दोरी खाली सोडताना गल्लीकडे पाहणंही तिने टाकलं होतं. मी तिच्यासमोर बसून मोठ्याने वाचायला लागले तर ती कापत राहायची, आणि 'बंधूंनो' आलं तरी मान हलवायची नाही.

एका रविवारी ओटल्यावरच्या चौघी वर आल्या, धापा टाकत, एकीच्या हातात प्लास्टिकची खुर्ची आणि खांद्यावर दोन जुन्या साड्या. मी त्यांना बोलावलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं, मावशीच्या दहाव्याला. आईला खुर्चीत बसवून साडीने बांधलं. ती म्हणाली, "पाडसान मले." एक जण म्हणाली, "पाडू तर सगळ्याच पडू, घाबरते कशाला?" खुर्ची पाठीच्या बाजूने एक एक पायरी उतरली. मी मधेमधे येत होते, म्हणून मला बाजूला केलं. खाली आल्यावर आईला गल्लीच्या टोकाच्या ओटल्यावर नेलं. मग तिने शेजारणीच्या मांडीवरची साडी ओढून उलटी केली आणि म्हणाली, "हे काय कापलं? पुरी दाढी ठेवली मागं." दिवे लागेपर्यंत ती तिथे बसली. मावशीच्या घरी जाऊन आली. विहारात जाऊन आली.

असं त्यानंतर काही वेळा झालं. मग लग्नसराई आली, साड्यांची घाई उडाली. चौघींपैकी एक बारडोलीकडे ऊसतोडीच्या कामाला गेली, एकीची कंबर धरली. चौघी जमणं कठीण होत गेलं, आणि आई पुन्हा वरच आहे. या थंडीत बाबा पुन्हा आखतायत. जिन्याच्या माथ्यावर लोखंडी ग्रिल लावायची, वर पत्रा टाकायचा, म्हणजे तिला तिथे सुरक्षित बसता येईल, उन्हात, रस्ता बघत. दादाला कल्पना आवडली आहे. ठेकेदार म्हणाला, कमुरता संपू द्या.

मी ग्रिलला विरोध केला आहे आणि करत राहीन. पण आईला विरोध नको आहे, खाली यायचं आहे, आणि त्यासाठी हात लागतात. म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या बिल्डिंगमध्ये, कदाचित तुमच्याच घरात वरच्या मजल्यावर एक म्हातारी बसलेली असेल. येत्या रविवारी वर जा. खाली यायचंय का, एवढंच विचारा. ती आधी नाही म्हणेल, तुमच्या कामांची नावं घेईल. थोडं बसा आणि पुन्हा विचारा. हो म्हणाली तर आणखी तिघींना हाक मारा, हात असलेली मजबूत खुर्ची घ्या, तिला साडीने छातीशी आणि कमरेशी बांधा, तोंड वरच्या पायरीकडे ठेवा, आणि सावकाश उतरवा. खाली आणल्यावर तिला जिथे म्हणेल तिथे न्या. अंधार पडायला लागला की परत वर न्यायची घाई होईल, तेव्हा खुर्ची उचलण्याआधी थांबा, आणि वर जायचंय का, हेही तिलाच विचारा.